लेकी बोले सुने लागे अशी प्रार्थना : भुसावळमधील एका ख्रिस्ती कुटुंबाचा प्रकरण अभ्यास

भुसावळमधील एका ख्रिस्ती कुटुंबातला दहावीत शिकणारा मुलगा गणेशोत्सवानंतर रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेला बसेनासा झाला. सुरुवातीला अभ्यासाचे निमित्त होते, मग डोकेदुखीचे, आणि पुढे निमित्त सांगणेही त्याने सोडून दिले. रविवारी तो उपासनेला येत असे, पण मागच्या बाकावर बसे आणि आशीर्वचन संपताच बाहेर वडिलांच्या मोटारसायकलीपाशी जाऊन उभा राही. आईवडिलांनी ही गोष्ट मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) पाळकसाहेबांच्या कानावर घातली तेव्हा ‘पोरगा विश्वासातून चालला आहे’ एवढीच त्यांची तक्रार होती. रविवारच्या शाळेत तो मुलगा काही वर्षे माझ्या वर्गात होता, त्यामुळे माझ्याशी मोकळेपणाने बोलेल अशा अपेक्षेने पाळकसाहेबांनी मला त्या घरी जाण्यास सांगितले. पुढील वृत्तांत कुटुंबाच्या संमतीने लिहिला असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलाचा उल्लेख ‘मोठा’ आणि त्याच्या बहिणीचा ‘धाकटी’ असा केला आहे.

कुटुंब

वडील मालगाडीचे लोको पायलट आहेत. ड्यूटीचा कॉल आला की निघायचे, बडनेऱ्याला किंवा खंडव्याला गाडी पोहोचवायची, तिथल्या रनिंग रूममध्ये विश्रांती घ्यायची आणि परतीची गाडी मिळेल तेव्हा घरी यायचे, हा त्यांचा दिनक्रम. किंबहुना त्याला दिनक्रम म्हणणेही धाडसाचे ठरेल. आई एका खासगी रुग्णालयात परिचारिका आहे आणि तिलाही पाळ्या असतात. धाकटी चौथीत आहे. वडिलांची आई घरातच राहते. तिचा जन्म धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातला, बोली अहिराणी, शाळा जेमतेम. पण टाळ हातात आला की एकामागून एक भजने तिला तोंडपाठ म्हणता येतात. आजोबा काही वर्षांपूर्वी दीर्घ आजाराने वारले.

भुसावळच्या ख्रिस्ती समाजात रेल्वेच्या नोकरीमुळे बाहेरून येऊन स्थिरावलेली घरे आहेत, तशीच धुळे-नंदुरबारकडच्या खेड्यांतून आलेली घरेही आहेत. हे कुटुंब दुसऱ्या प्रकारातले. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्यांतल्या पश्चिम खानदेशात (आजचे धुळे आणि नंदुरबार जिल्हे) विसाव्या शतकाच्या आरंभी स्कँडिनेव्हियन मिशनऱ्यांनी काम केले, आणि आजीच्या माहेरच्या घराण्याचा विश्वास त्या काळापासूनचा आहे. म्हणजे मोठा हा या घराण्यातला पहिला किंवा दुसरा विश्वासणारा नव्हे. त्याच्या मागे चार पिढ्या आहेत. ही गोष्ट आईवडिलांना माहीत होती, परंतु मुलांना ती कोणी नीट सांगितलेली नव्हती. हे पुढे महत्त्वाचे ठरले.

रात्रीची प्रार्थना

मी त्या घरी रात्रीच्या प्रार्थनेला बसले तेव्हा मोठा आतल्या खोलीत होता आणि दार अर्धवट उघडे होते. वडील घरी असतील त्या रात्री प्रार्थनेचा क्रम ठरलेला असे: एक गीत, पवित्र शास्त्राचा एक पूर्ण अध्याय, आणि मग वडिलांची प्रार्थना. शास्त्र उत्पत्तीपासून ओळीने वाचण्याचा निश्चय केलेला असल्याने त्या दिवसांत गणना हे पुस्तक चालू होते आणि धाकटी इस्राएलाच्या वंशांची शिरगणती वाचताना जांभया देत होती. शास्त्राचा प्रत्येक भाग वाचण्याजोगा आहे हे मान्य करूनही, दिवसभर शाळा आणि शिकवणी करून आलेल्या चौथीतल्या मुलीपुढे रात्री साडेनऊ वाजता शिरगणतीचे आकडे ठेवणे मला काही बरे वाटले नाही.

खरी गोष्ट त्यानंतर लक्षात आली. वडिलांची प्रार्थना बरीच लांबली आणि तिचा मोठा भाग असा होता: ‘हे दयाळू पित्या, या लेकराला मोबाइलच्या नादातून सोडव. वडीलधाऱ्यांचा मान राखायला शिकव. चाचणीत गणितात काय झाले ते तू जाणतोस. वाईट संगतीपासून त्याला दूर ठेव, आणि आईच्या डोळ्यांतले पाणी त्याला दिसू दे.’ आवाज आतल्या खोलीत पोहोचेल इतका मोठा होता. वडील घरी नसतील त्या दिवशी आई प्रार्थना करते आणि तिच्याही प्रार्थनेचा मजकूर फारसा वेगळा नसतो, असे धाकटीने मला नंतर निरागसपणे सांगितले.

लेकी बोले सुने लागे, हा प्रकार आपल्याकडे घरोघरी चालतो. पण प्रार्थनेत तो आला की त्याचे रूप बदलते. वडील समोर बसवून रागावले तर मुलगा उत्तर देऊ शकतो, बाजू मांडू शकतो, निदान तोंड तरी वाकडे करू शकतो. प्रार्थनेत डोळे मिटलेले असतात, बोलणे देवाशी चाललेले असते आणि मध्ये बोलणे हा देवाचा अवमान ठरतो. वर शेवटी ‘आमेन’ म्हणायचे असते, म्हणजे स्वतःवरच्या आरोपपत्रावर स्वतःच सही करायची. या घरात मोठ्याने एवढेच केले होते की सही करण्याचे नाकारले होते.

लोकांना दाखवण्यासाठी प्रार्थना करणाऱ्या ढोंग्यांसारखे होऊ नका, खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करा, असे प्रभू येशूने मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. ते आपण चव्हाट्यावर उभे राहून प्रार्थना करणाऱ्या परुश्यांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ यहुद्यांना, लावतो. स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत, ज्याला ऐकवायचे तो माणूस एकच असतो, तेव्हा तेच वचन आपल्यालाही लागू होते, हे सहसा लक्षात येत नाही.

मोठ्याचे म्हणणे

मोठा घरात बोलला नाही. पुढच्या रविवारी आम्ही स्टेशनपर्यंत चालत गेलो तेव्हा वाटेत तो हळूहळू बोलता झाला. त्याच्या बोलण्यातून समजलेल्या गोष्टी मी त्याच क्रमाने मांडते, कारण त्याच्या मनात त्यांचा तोच क्रम होता.

दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा आहे. जूनमध्ये तो धडा वर्गात झाला आणि मोठ्याने रात्रीच्या प्रार्थनेनंतर विचारले की आदाम हा पहिला माणूस असेल तर पुस्तकात दिलेले हे सारे काय आहे. ‘असले प्रश्न सैतान डोक्यात घालतो’ असे उत्तर मिळाले. त्यानंतर त्याने घरात प्रश्न विचारला नाही.

गणेशोत्सवात कॉलनीतल्या मित्रांबरोबर त्याने मंडपाच्या रोषणाईचे काम केले. त्याला विजेच्या कामाची आवड आहे. आरतीला तो उभा राहिला नव्हता. मंडपात शिडीवर चढलेला त्याचा फोटो कोणीतरी मोबाइलवर टाकला, तो मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीने त्याच्या वडिलांना पाठवला, आणि त्या रात्री घरी पाहुणे असताना वडिलांच्या प्रार्थनेत ‘मूर्तिपूजा’ हा शब्द आला. दुसऱ्या दिवसापासून मोठा प्रार्थनेला बसला नाही. आईवडिलांना कारण ठाऊक नव्हते असे नाही; ते कारण पुरेसे आहे असे त्यांना वाटत नव्हते.

आजोबांच्या आजारात घरात रोज प्रार्थना झाली, उपास झाले, बाहेरगावचे एक उपदेशक येऊन हात ठेवून गेले. आजोबा वारल्यावर त्याच उपदेशकांनी ‘घरात विश्वास कमी पडला’ असे उद्गार काढले. तेव्हा मोठा बारा वर्षांचा होता आणि आपण एक दिवस प्रार्थनेच्या वेळी झोपी गेलो होतो, ही गोष्ट त्याने एवढी वर्षे मनात ठेवली होती.

वर्गातल्या एका मुलाने ‘तुमच्या आजोबांना धर्म बदलायचे काय मिळाले होते’ असे थट्टेत विचारले, तेव्हा त्याला उत्तर देता आले नाही. आणि आई ‘आमेन टाइप करा आणि दहा जणांना पाठवा’ अशा ज्या चित्रफिती नातेवाइकांच्या गटावर टाकते, त्यांची त्याला लाज वाटते. ही शेवटची तक्रार त्याने हसत सांगितली, पण सांगितली खरी.

मी त्याला विचारले की देवावरचाच विश्वास उडाला आहे का. तो म्हणाला, ‘देव नाही असं मला वाटत नाही, मॅडम. पण आमच्या घरात देव कायम पप्पांच्या बाजूने असतो.’

या एका वाक्यात प्रकरणाचे निदान आले. मुलगा विश्वासातून निघून चालला होता असे म्हणण्याला आधार नव्हता. विश्वास ज्या दाराने त्याच्यापर्यंत पोहोचत होता त्या दारात त्याचे गुण, मोबाइल आणि मित्र उभे करून ठेवले होते, आणि त्यांना ओलांडल्याशिवाय आत जाणे त्याला शक्य नव्हते.

काय बदलले

आईवडिलांशी बोलताना मी पहिली सूचना एवढीच केली की मुलांच्या चुका मुलांच्या समोर देवाला सांगू नयेत. रागवायचे असेल तर दिवसा, समोर बसवून, उघड्या डोळ्यांनी रागवावे आणि मुलाला उत्तर देऊ द्यावे. आईने लगेच विचारले, ‘मग लेकरासाठी प्रार्थनाच करायची नाही का?’ तिचा प्रश्न योग्य होता. लेकरासाठी प्रार्थना करायची, रोज करायची, पण दार लावून एकांतात करायची. आणि मुलांच्या देखत त्यांच्याबद्दल देवाचे आभार मानायचे, किंवा त्यांनी स्वतः ‘यासाठी प्रार्थना करा’ असे सांगितले असेल तेवढेच मागायचे. इफिसकरांस पत्रातले ‘बापांनो, आपल्या मुलांना चिरडीस आणू नका’ हे वचन वडिलांना पाठ होते. ते प्रार्थनेच्या पद्धतीलाही लागू पडते, हे मात्र त्यांना नवे होते. ते काही वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘आमचे वडीलही अशीच प्रार्थना करायचे.’ कोपऱ्यात बसलेल्या आजीने मान हलवली आणि म्हणाली, ‘तुना बाप बी आसाच व्हता, आन् तू बी उठीसन पळे.’ वडिलांच्या चेहऱ्यावर त्या संध्याकाळी पहिल्यांदा हसू आले.

दुसरी सूचना अधिक कठीण होती. मुलांसमोर मोठ्यांनी स्वतःसाठी प्रार्थना करावी, आणि ती खरी करावी. आपल्या घरांतून मुले आईवडिलांना देवाचे म्हणणे सांगताना ऐकतात. देवापुढे हात पसरताना फारसे ऐकत नाहीत. आईने हे लवकर आत्मसात केले. रुग्णालयात एका रुग्णाच्या नातेवाइकाशी आपण तुटकपणे बोललो, त्याची क्षमा तिने मुलांसमोर देवाकडे मागितली. वडिलांना ते जमत नव्हते. त्यांची प्रार्थना आता लहान झाली होती, पण कोरडी होती.

नाताळाच्या आधीच्या आठवड्यात ते ड्यूटीवरून आले आणि जेवले नाहीत. प्रार्थनेच्या वेळी त्यांनी बराच वेळ काही न बोलता शेवटी म्हटले, ‘प्रभू, काल गाडीखाली माणूस आला. मी हॉर्न दिला, ब्रेक लावला. गाडी थांबली नाही. मला झोप दे.’ भरलेली मालगाडी आणीबाणीचा ब्रेक लावल्यानंतरही बरेच अंतर पुढे जातेच, हे रेल्वेच्या घरात सर्वांना ठाऊक असते. पण असा प्रसंग त्यांच्यावर यापूर्वीही आला होता आणि त्यांनी तो घरी कधी सांगितला नव्हता, हे त्या रात्री आईलाही नव्याने कळले. मोठा आतल्या खोलीतून येऊन वडिलांच्या शेजारी बसला. त्याने प्रार्थना केली नाही, काही बोललाही नाही. दुसऱ्या दिवशी त्याने वडिलांना मालगाडीचा ब्रेक कसा काम करतो हे विचारले आणि दोघे बराच वेळ कागदावर आकृत्या काढत बसले. बोलता बोलता मुलाने विचारले की तो माणूस मरावा असे देवाला वाटत होते का. वडील म्हणाले की मला माहीत नाही, आणि त्यांनी त्याला तेरावे स्तोत्र काढून दाखवले, ज्याच्या आरंभीच दावीद देवाला ‘कोठवर?’ असे विचारतो. हे स्तोत्र ते रनिंग रूममध्ये अनेकदा वाचत आले होते. मुलाला ते ठाऊक नव्हते, कारण घरात ते कधी वाचले गेले नव्हते.

त्यानंतर सारे सुरळीत झाले असे नाही. जानेवारीत सराव परीक्षेचे गुण कळले आणि त्या रात्री वडिलांच्या प्रार्थनेत गणित पुन्हा आले. मोठा उठून गेला. फरक एवढाच की या वेळी वडील त्याच्या मागोमाग खोलीत गेले, प्रार्थनेत तसे बोलल्याबद्दल त्यांनी त्याची माफी मागितली, आणि मग गणिताबद्दल जे रागवायचे ते तिथेच स्पष्ट शब्दांत रागावले.

वडील बाहेरगावी असतील त्या दिवसांची व्यवस्था त्यांनी स्वतःच शोधली. गाडी चालवताना मोबाइल बंद ठेवावा लागतो. पण रनिंग रूममध्ये पोहोचल्यावर ते स्वतः वाचलेले एक वचन आणि आपल्या दिवसाची एक ओळ घरच्या गटावर टाकू लागले. ‘आज नऊ तास सिग्नलला उभे. मन चिडले होते. स्तोत्र ३७:७.’ मोठा बहुतेक वेळा अंगठ्याची खूण करतो, क्वचित काही लिहितो. पवित्र शास्त्रातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबवण्याची आज्ञा आहे. तिथे घरी बसता, मार्गाने चालता, निजता आणि उठता त्यांविषयी बोलत जावे असे म्हटले आहे. रात्री साडेनऊची वेळ काही नेमून दिलेली नाही. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या आईवडिलांना हे वचन ओझे वाटण्याऐवजी सोयीचे वाटायला हवे.

प्रश्नांचे काय केले

गणना बाजूला ठेवून मार्काचे शुभवर्तमान सुरू केले. ते सोळा अध्यायांचे, वेगवान आणि प्रसंगांनी भरलेले आहे. एका वेळी दहाबारा ओव्या वाचायच्या आणि ज्याला जो प्रश्न पडेल तो त्याने विचारायचा, उत्तराची सक्ती कोणावर नाही, असे ठरले. मुलांनी विचारणे ही शास्त्राला खटकणारी गोष्ट नाही. निर्गम या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात वल्हांडण या सणाचा विधी सांगतानाच ‘तुमची मुले विचारतील की याचा अर्थ काय’ हे गृहीत धरले आहे, आणि बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत आणि प्रश्न विचारत होता असे लूक लिहितो.

उत्क्रांतीचा प्रश्न पाळकसाहेबांनी स्वतः घेतला. उत्पत्तीचा पहिला अध्याय ख्रिस्ती मंडळीत एकाच पद्धतीने वाचला गेलेला नाही, चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टीननेही त्यातले दिवस सूर्याच्या उगवण्या-मावळण्याने मोजायचे साधे दिवस मानले नव्हते, आणि आजही विश्वासू ख्रिस्ती लोकांत याविषयी मतभेद आहेत, हे त्यांनी मुलाला आडपडदा न ठेवता सांगितले. आपले स्वतःचे मत कोणते तेही सांगितले. वाटाण्यांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम मांडणारा मेंडेल हा ख्रिस्ती मठातला संन्यासी होता, हे ऐकून मोठ्याला जरा गंमत वाटली. त्याचे पूर्ण समाधान झाले असे मी म्हणणार नाही. मात्र प्रश्न सैतानाकडून आलेला नाही एवढे त्याला पटले, आणि माझ्या मते त्या वयात तेवढे पुरे आहे.

आजोबांच्या बाबतीत मी गप्प राहू शकले नाही. शोकात असलेल्या घराला ‘विश्वास कमी पडला’ असे सांगणारा माणूस कितीही नावाजलेला असो, तो त्या घरातल्या लहानग्याच्या गळ्यात धोंडा बांधून जातो. आपला मित्र लाजार याच्या कबरेपाशी येशू रडला. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने प्याला, म्हणजे पुढचे दुःख, टळावा म्हणून प्रार्थना केली आणि प्याला टळला नाही. त्याचा विश्वास कमी होता असे कोणी म्हणत नाही. प्रार्थनेच्या वेळी झोपी गेलेल्या शिष्यांनाही त्याने टाकून दिले नाही, हे मी मोठ्याला मुद्दाम वाचून दाखवले.

गणपतीच्या प्रसादाचा आणि मंडपाचा प्रश्न खानदेशातल्या प्रत्येक ख्रिस्ती मुलापुढे येतो. गणपती झाले की नवरात्र, श्रावणात खानदेशची देवी कानबाई हिची मिरवणूक, अक्षय्य तृतीयेला आखाजीचा सण. मित्रांची घरे बंद करून घ्यायची तर मुलाला मित्रच उरणार नाहीत. या कुटुंबाने करिंथकरांस पहिल्या पत्रातले आठवा आणि दहावा हे अध्याय चौघांनी मिळून वाचले. मूर्तीला वाहिलेल्या अन्नाविषयी पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर देत नाही. आमंत्रण आले आणि जावेसे वाटले तर जा, वाढलेले चौकशा न करता खा, पण हे मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी सांगितले तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका, अशी त्याची मांडणी आहे. मोठ्याने स्वतः ठरवले की मंडपाच्या रोषणाईचे काम मित्र म्हणून करायचे, आरतीत उभे राहायचे नाही आणि प्रसाद हात जोडून नम्रपणे नाकारायचा. आपल्या मंडळीतल्या काहींना रोषणाईचे कामही मान्य होणार नाही. मला ते मान्य आहे, कारण तो निर्णय मुलाने शास्त्र उघडून घेतला. फोटो पाहून धाक घातल्याने घेतलेला नाही.

आजी

या प्रकरणात सर्वांत अधिक काम आजीने केले, आणि तिला कोणी काही सुचवलेही नव्हते. मार्चअखेर परीक्षा संपल्यावर घरातले सगळे खानदेशच्या रीतीप्रमाणे गच्चीवर झोपू लागले. एका रात्री मोठ्याने तिला वर्गमित्राचा तो प्रश्न विचारला: आपल्या लोकांना काय मिळाले होते? आजीने सांगितले की तिच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावाने पाणवठा बंद केला आणि काही वर्षे नदीतल्या झिऱ्यातून पाणी आणावे लागले. त्याचबरोबर, मिशनच्या बोर्डिंगात तिच्या बापाला दोन वेळचे जेवण आणि अक्षरओळख मिळाली, हेही तिने लपवले नाही. मिळाले आणि गेले, दोन्ही सांगितले. ‘पन् जेवाले भेटस म्हनीसन कोनी पन्नास साल भजन म्हनत नही,’ असे म्हणून तिने विषय संपवला. मुलाला लागणारे उत्तर हेच होते. आईवडिलांनी ते आधी दिले नव्हते, कारण गरिबीची आणि पाणवठ्याची गोष्ट मुलांना सांगण्याचा त्यांना संकोच होता. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचा विश्वास आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात वसला होता, असे पौल लिहितो. आपल्या घरांतल्या लोईस मात्र बऱ्याचदा पाहुणे आले की आतल्या खोलीत बसवल्या जातात.

मोठा तिच्या भजनांना ढोलकीची साथ करू लागला आहे. तिची अनेक भजने ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची आहेत, हे त्याला आता कळले. मी एकदा त्याच्या वडिलांना टिळकांच्याच घरचा दाखला दिला होता. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तोही पत्नीला विश्वासात न घेता, आणि त्याचे दुःख लक्ष्मीबाईंनी फार सोसले. त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या त्या सुमारे पाच वर्षांनी, आपल्या पायांनी चालत. आपल्या खानदेशातल्या धरणगावचे बालकवी टिळकांच्या घरात मुलासारखे राहिले आणि हिंदूच राहिले. त्या घरात ख्रिस्ताचे नाव दिवसरात्र होते, तरीही ज्याचा त्याचा वेग ज्याच्या त्याच्याकडे राहिला.

धाकटी

सर्वांचे लक्ष मोठ्याकडे असताना धाकटीचे काय चालले आहे हे बराच काळ कोणाच्या ध्यानात आले नाही. ती रविवारच्या शाळेत वचन पाठांतराची बक्षिसे मिळवणारी, सांगितले ते करणारी मुलगी. फेब्रुवारीत आईच्या लक्षात आले की ती रात्री एकटी झोपायला घाबरते. विचारल्यावर ती रडत म्हणाली, ‘दादा नरकात जाईल का?’ मोठ्यांचे आपापसांतले बोलणे तिने ऐकले होते आणि त्यातून स्वतःचा अर्थ लावला होता.

दहा वर्षांच्या आतल्या मुलांना न्याय आणि शिक्षा यांचे शब्द समजतात, पण त्यांमागचा देवाचा स्वभाव त्यांना आईवडिलांच्या चेहऱ्यावरूनच कळतो. म्हणून तिला सिद्धान्त समजावण्यापेक्षा आईने काही रात्री तिच्याजवळ झोपून लूकाच्या पंधराव्या अध्यायातली हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली. आजीने लहानपणी शेरडे राखली होती. वहाळात अडकलेले करडू काढायला राखोळी कसा पालथा पडून हात घालतो ते तिने गादीवर पालथे पडून दाखवले. धाकटीने तिला तो प्रकार पुन्हा पुन्हा करायला लावला. दादाने स्वतः तिला ‘मी कुठे जात नाही गं’ असे सांगितले, आणि मला वाटते त्याचाही उपयोग झाला.

या मुलीविषयी मला मोठ्यापेक्षा अधिक काळजी वाटते. ज्याच्या मनात प्रश्न आहेत तो उठून जातो, म्हणून दिसतो. जी सगळी वचने बिनचूक म्हणते तिच्या मनात काय आहे हे विचारण्याची गरज कोणाला भासत नाही, आणि आमच्या रविवारच्या शाळांची बक्षिसांची पद्धत या आंधळेपणाला हातभार लावते.

सध्याची स्थिती

मोठा आठवड्यातून तीनचार रात्री प्रार्थनेला बसतो. कधी वचन वाचतो, मोठ्याने प्रार्थना अद्याप करत नाही. आईने चित्रफिती पाठवणे कमी केले आहे, पूर्ण थांबवलेले नाही. एप्रिलमध्ये पाळकसाहेबांनी दृढीकरणाच्या वर्गासाठी त्याचे नाव विचारले तेव्हा तो ‘यंदा नको’ म्हणाला. वडिलांनी रनिंग रूममधून मला फोन करून आग्रह धरावा का असे विचारले. मी नको म्हणाले, आणि त्यांनी तो धरला नाही. दृढीकरणात मुलगा मंडळीपुढे उभा राहून स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करतो. तिथे तरी त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी बोलू नये.

निकालानंतर तो विद्युत अभियांत्रिकीच्या पदविकेसाठी जळगावला किंवा नाशिकला जाण्याच्या विचारात आहे. तिथे उपासनेला कुठे जाशील, असे आईने विचारले तेव्हा त्याने मोबाइलवर शोधून दोन ठिकाणे सांगितली, एक वसतिगृहापासून जवळचे आणि एक लांबचे, आणि लांबच्या ठिकाणी तरुणांचा वाद्यवृंद चांगला आहे असेही ऐकवले. मे महिन्यातल्या सुट्टीच्या पवित्र शास्त्र शाळेत धाकटीला पाठांतर स्पर्धेत उतरवायचे नाही, असे आईने ठरवले आहे. धाकटीला हा निर्णय अजिबात आवडलेला नाही, आणि त्यावर घरात सध्या चर्चा चालू आहे.